बाळू पालवणकर : मातीचा पेला आणि लाल चेंडू

जुलै महिना लागला की खारघरचा डोंगर हिरवागार होतो आणि पांडवकडा कोसळू लागतो. तो बघायला मुंबई-ठाण्याची गर्दी लोटते. आम्ही मात्र रविवारी सकाळी छत्री घेऊन निघतो ते सेक्टरांमधल्या मोकळ्या भूखंडांकडे. तिथे चिखलात, गुडघाभर वाढलेल्या गवतात पोरे खेळत असतात. कुणी ओवे कॅम्पातले, कुणी मुर्बी-पेठ गावांतले, कुणी चाफेवाडी-फणसवाडीतून डोंगर उतरून आलेले, तर कुणी याच शहराच्या उंच इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांतले. बॅट एक आणि खेळणारे पंधरा. रबरी चेंडू गटारात गेला की सगळा खेळ थांबतो आणि सगळे मिळून तो शोधतात. ज्याची पाळी येते तो तीन चेंडूंत बाद झाला तरी ते तीन चेंडू तो असा खेळतो, जणू त्याच्यावर घराचे काहीतरी अवलंबून आहे.

त्याच रस्त्यावर पुढे जाळ्या लावलेले एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पैसे भरणारी मुले पांढऱ्या कपड्यांत सराव करतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्या जाळीबाहेर एका मुलाला बघत होतो. बारा-तेरा वर्षांचा. बाहेर गेलेला प्रत्येक चेंडू धावत जाऊन आणायचा आणि आत फेकायचा. आम्ही विचारले, तेव्हा कळले की सराव संपल्यावर उजेड उरला तर त्याला दोन षटके टाकायला मिळतात. उजेड उरला तर! त्या दोन षटकांसाठी तो दोन तास धावत होता आणि त्याच्या तोंडावर तक्रारीचा लवलेश नव्हता. आमच्या मनात मात्र कालवाकालव झाली, कारण हा मुलगा आम्ही आधी कुठेतरी पाहिला होता. प्रत्यक्षात नव्हे, इतिहासात. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या मैदानावर असाच एक पोरगा दुसऱ्यांच्या खेळासाठी राबत होता. त्याचे नाव बाळू पालवणकर.

4 जुलै हा बाळू पालवणकरांचा स्मृतिदिन. 1955 साली याच तारखेला मुंबईत त्यांचे निधन झाले. भारताचा पहिला मोठा क्रिकेटपटू कोण, असे विचारले तर आपली मुले रणजितसिंह म्हणतील, सी. के. नायडू म्हणतील. रणजी इंग्लंडकडून खेळले, ते संस्थानाचे राजे झाले, त्यांच्या नावाने स्पर्धा आहे. नायडू पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले. या दोघांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण भारताच्या मातीत खेळून, भारताच्या संघाकडून खेळून इंग्रजांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने घाम फोडणारा गोलंदाज हा एका चर्मकार घरातला माणूस होता, हे आपल्या मुलांना कोण सांगणार? शाळेचे पुस्तक सांगत नाही. दूरचित्रवाणीवर दिवसरात्र क्रिकेटचे गुऱ्हाळ चालते, तिथे हे नाव निघत नाही. म्हणून हे काम आपल्या वर्तमानपत्राचे आहे.

बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. लष्कराच्या नोकरीने आमच्या कितीतरी घरांना गावकीच्या जाचातून बाहेर काढले, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच लष्करी छावणीच्या जगातले. गावात अस्पृश्याच्या पोराला चेंडूला हात लावायला कोणी दिले असते? छावणीत मात्र साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू मिळत. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम त्या टाकाऊ सामानावर खेळायला शिकले. ज्यांना नवे काही मिळत नाही ते जुन्याचे सोने करतात. हा आमच्या समाजाचा जुना अनुभव आहे.

शिक्षण फारसे झाले नाही. घराला पैशाची गरज होती. बाळू पहिल्यांदा कामाला लागले ते पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात आणि पुढे 1892 च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात. काम काय? खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रूळ फिरवायचा, पट्टे आखायचे, जाळ्या बांधायच्या, टेनिसचे कोर्ट आखायचे. पगार महिना तीन-चार रुपये. त्यांना नेमले होते माळीकाम-हमालीसाठी, खेळण्यासाठी नव्हे. पण कधी एखादा साहेब लवकर येई, त्याला सरावासाठी गोलंदाज हवा असे आणि मग मैदानावर राबणाऱ्या त्या पोराच्या हातात चेंडू दिला जाई. ही त्यांची संधी. कोणी देऊ केलेली नव्हे, तर कामाच्या फटीतून चोरून घेतलेली.

त्या फटीतून त्यांनी काय केले ते बघा. कॅप्टन बार्टन नावाचा एक डावखुरा गोलंदाज तिथे खेळत असे. त्याचा हात कसा फिरतो, पाय कुठे पडतो, हे बाळूंनी रूळ ओढता ओढता डोळ्यांत साठवले. डाव्या हाताने मंद गतीचा, हवेत तरंगणारा आणि टप्पा पडल्यावर दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू त्यांनी घोटून घोटून पक्का केला. पुढे इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्यांची तुलना झाली. पण ऱ्होड्सला शिकवायला माणसे होती. बाळूंचा गुरू म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा अधिकारी होता, त्या काळातला भारतातला सर्वांत नामांकित इंग्रज फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी येई आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. सांगतात की आपल्याला एकदा बाद केले की तो बाळूंना आठ आणे देत असे. जरा हिशेब करा. महिन्याचा पगार तीन-चार रुपये. म्हणजे ग्रेगला सहा-आठ वेळा बाद केले की महिनाभर रूळ ओढल्याची कमाई! ज्याच्या घरी आठ आण्यांची किंमत असते तो एकही चेंडू उगाच टाकत नाही. ग्रेगसारख्या फलंदाजाला रोज तासन्‌तास गोलंदाजी करता करता बाळू तयार झाले आणि ग्रेगही तयार झाला. पण या सगळ्या तासांत, या हजारो चेंडूंत, एकदाही कोणी बाळूंच्या हातात बॅट दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम. गोलंदाजी ही मजुरी. मैदानावरसुद्धा श्रमाची वर्णव्यवस्था होती, ती अशी!

आता हिंदूंकडे वळू. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियन संघाला हरवायचे होते. हरवू शकेल असा एकच गोलंदाज पुण्यात होता, आणि तो अस्पृश्य होता. क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद बाळूंना घ्या म्हणत होते, पुण्याचे ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. शेवटी ग्रेगनेच जाहीरपणे सुनावले की बाळूला वगळणारे हिंदू मूर्ख ठरतील. साहेबाने प्रमाणपत्र दिल्यावर धर्माचा अडसर सैल झाला! आपल्या डोळ्यांसमोरचा हिरा ओळखायला यांना परक्याची साक्ष लागली.

बाळू संघात आले. पण कसे आले? मैदानावर सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावायचा, कारण त्याशिवाय सामना जिंकता येत नाही. चहाच्या वेळेला मात्र सवर्ण खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेणार आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या पेल्यात चहा मिळणार. प्यायला की पेला फोडून टाकायचा. तोंड धुवायचे असेल तर कोपऱ्यात जायचे आणि तिथे अस्पृश्य नोकराने वरून पाणी ओतायचे. जेवायला वेगळी थाळी, वेगळी जागा. बळी घेणारा हात चालतो, पण त्या हाताचा स्पर्श कपाला चालत नाही. चेंडू विटाळत नाही आणि कप विटाळतो, हे कोणत्या शास्त्रात बसते? ते शास्त्रात बसत नाही, स्वार्थात बसते. अस्पृश्यता ही धर्मभोळेपणाची बाब नसून सोयीची आणि सत्तेची बाब आहे. याचा इतका स्वच्छ पुरावा आम्हाला दुसरा माहीत नाही.

खारघर-पनवेलच्या वाचकांना हा मातीचा पेला वाचून दुसरे मातीचे भांडे आठवेल. बाबासाहेब महाडच्या बाजूला जात असताना पनवेलला त्यांना पाणी नाकारले गेले आणि ते ऐकून सोनबा नावाचा आपला एक माणूस पुढे कित्येक वर्षे त्यांच्यासाठी पाण्याचे मडके घेऊन रस्त्यावर वाट बघत राहिला, ही गोष्ट आपल्या जलशांत आणि विहारांत सांगितली जाते. एक मातीचे भांडे अपमानाचे, दुसरे मायेचे. या दोन भांड्यांच्या मध्ये आमच्या समाजाचा सगळा इतिहास आहे.

पुढे साताऱ्याला सामना ठरला. तिथल्या युरोपियनांनी बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टी रूळ फिरवून फिरवून गुळगुळीत केली होती असे सांगतात. खेळपट्टीवर रूळ फिरवण्यात ज्याचे तरुणपण गेले, त्याच्याविरुद्ध रुळाचेच हत्यार! बाळूंनी तिथेही सात बळी घेतले आणि हिंदू जिंकले. मग काय, हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर सभेत हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, अशा अर्थाची कानउघाडणी खेळाडूंची केली. टिळकांनीही त्यांचा गौरव केला. गौरव झाला, ही चांगलीच गोष्ट. पण हत्तीवर बसवणे सोपे असते, पंगतीला बसवणे अवघड असते. याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एक मुलगा इंग्रजी शाळेत दाखल झाला. त्याला वर्गात गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. तो मुलगा म्हणजे भीमराव. मैदानावर आणि वर्गात, पाणी वरूनच ओतले जात होते.

1896 च्या सुमारास बाळू मुंबईला आले. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नुकताच, 1894 साली स्थापन झाला होता. तिथेही त्यांना घेण्याला काही सभासदांनी विरोध केला, पण शेवटी गुणांपुढे विरोध हरला. रेल्वेत नोकरी मिळाली. शिवरामही मुंबईच्या मैदानावर नाव काढू लागले आणि मागून गणपत आणि विठ्ठल हे दोघे भाऊही तयार झाले. एका चांभाराच्या घरातून पहिल्या प्रतीचे चार क्रिकेटपटू! हे जर एखाद्या राजघराण्यात घडले असते तर आज त्यावर किती ग्रंथ निघाले असते!

फेब्रुवारी 1906. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात 242 आणि दुसऱ्या डावात 160 धावा केल्या. युरोपियन 191 आणि 102 वर आटोपले. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी टिपले. नुकताच जपानने रशियाचा पराभव केला होता. आशियाई माणूस गोऱ्यांना हरवू शकतो, या भावनेने देश भारलेला होता आणि वर्तमानपत्रांनी या विजयाची तुलना जपानच्या विजयाशी केली. काही सुधारकांनी आणखी पुढची गोष्ट ओळखली. त्यांनी लिहिले की हा विजय जातीची बंधने थोडी सैल केल्याचा विजय आहे, आणि मैदानावर जे केले ते समाजातही करा. समाजाने पहिला भाग टाळ्या वाजवून घेतला आणि दुसरा भाग सोडून दिला.

1911 साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंह यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. राजेसाहेबांना क्रिकेटपेक्षा दरबारी समारंभांत अधिक रस होता. संघ 23 सामने खेळला, त्यांतले सहाच जिंकला आणि 15 हरला. त्या पडत्या संघातून एकच नाव वर आले, ते बाळूंचे. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या घरात. खांदा दुखत होता. झेल सुटत होते. तरीही त्यांनी दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी सुमारे 19 धावांची. त्यांतले 75 बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध 103 धावांत आठ. लेस्टरशायरविरुद्ध पहिल्या डावात पाच आणि दुसऱ्या डावात सहा, आणि तो सामना भारताने जिंकला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकले आणि तो सामना एका गड्याने जिंकला गेला. म्हणजे त्या दौऱ्यात जे काही कमावले त्यात पालवणकर बंधूंचा वाटा राजेरजवाड्यांपेक्षा मोठा होता.

कल्पना करा, ज्याला पुण्यात मंडपाबाहेर मातीच्या पेल्यात चहा मिळत होता तो माणूस इंग्लंडच्या मैदानांवर संघाबरोबर एकाच टेबलावर बसून चहा पीत होता. इंग्रज काही समतेचे पुतळे नव्हते, ते तर आम्हाला गुलाम करून बसले होते. पण जातीचा रोग जातीच्या मुलखाबाहेर किती लवकर उतरतो, हे बाळूंनी स्वतः अनुभवले असणार. पुढे दोन वर्षांत भीमराव न्यूयॉर्कला शिकायला गेले, तेव्हा त्यांनाही तोच अनुभव आला.

बाळू इंग्लंडहून परत आले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सभेतले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने तयार केले होते, अशी नोंद आहे. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. काही अभ्यासक तर हाच बाबासाहेबांचा सार्वजनिक जीवनातला पहिला प्रवेश मानतात. तेव्हा आमच्या समाजाकडे बॅरिस्टर नव्हता, आमदार नव्हता, प्राध्यापक नव्हता. मान वर करून ज्याच्याकडे बघावे असा एक माणूस होता, तो खेळाडू होता, आणि तरुण भीमरावांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिले होते.

इतके सगळे झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळायला हवे होते की नाही? संघात त्यांच्याइतका ज्येष्ठ आणि त्यांच्याइतका यशस्वी दुसरा कोण होता? पण ते मिळाले नाही. एम. डी. पै कर्णधार झाले. पै मनाने मोठे, त्यांनी 1913 साली आपल्याच सत्कारात सांगून टाकले की हा मान खरे तर बाळूंचा होता. पण निवड समित्यांना पाझर फुटला नाही. बळी घ्यायला अस्पृश्य चालतो, हुकूम द्यायला चालत नाही. कारण कर्णधार म्हटला की ब्राह्मणाला चांभाराचे ऐकावे लागणार! आज मोठमोठ्या कचेऱ्यांत आमच्या माणसाला काम देतात पण खुर्ची देत नाहीत, त्याचे मूळ इथे आहे.

1920 साली तर हद्द झाली. चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले तेव्हा कर्णधारपद विठ्ठल किंवा शिवरामकडे न देता दि. ब. देवधर यांना दिले. देवधर चांगले खेळाडू, पुढे फार मोठे झाले, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण ज्येष्ठता आणि कामगिरी या दोन्ही कसोट्यांवर पालवणकर पुढे होते. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जे केले ते आपल्या प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावे. त्यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपण असे का करत आहोत हे जाहीर पत्रकाने सांगितले. अन्याय खेळातला नसून जातीचा आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. खेळण्याची एकेक संधी जिवापाड जपणाऱ्या घराने स्वाभिमानासाठी संधी नाकारली! 1920 हेच वर्ष बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केल्याचे. बहिष्कृतांचा आवाज त्या वर्षी पानावर उमटला तसा मैदानावरही उमटला.

बोंब झाली आणि समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले गेले, भाऊही परतले. सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून बाळूंना संघाचे नेतृत्व करता यावे. आयुष्यभराच्या हक्काची परतफेड अशी काही वेळापुरती झाली. मात्र तीन वर्षांत, 1923 साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकून दिली. थोरल्याने खेळपट्टी नांगरली, धाकट्याने पीक काढले. विठ्ठलरावांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मकथन मराठीत लिहिले.

प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत बाळूंनी 179 बळी घेतले, प्रत्येकी अवघ्या 15.21 धावांच्या सरासरीने. भारताने पहिली कसोटी 1932 साली लॉर्ड्सवर खेळली, तेव्हा ते पंचावन्नच्या पुढे गेले होते. कसोटी त्यांच्या नशिबात नव्हती.

आता एका अवघड भागाकडे यायला हवे. ते टाळले तर आम्ही प्रामाणिक राहणार नाही. ज्या भीमरावांनी मानपत्र लिहिले त्यांच्याच विरोधात पुढे बाळू उभे राहिले. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्याबरोबर गांधीजींच्या बाजूला गेले. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे तशी बाळूंचीही आहे. पण दोन्ही सह्यांमागची वेदना सारखी नाही. बाबासाहेबांना मिळवलेला हक्क एका माणसाच्या प्राणांसाठी सोडावा लागला. बाळूंनी मात्र हिंदू समाज सुधारेल या विश्वासाने सही केली. 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही बाळूंना पटली नाही. आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतल्या राखीव जागेवर बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार म्हणून नेमके त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. दोन हजार मतांनी बाबासाहेब निवडून आले.

यात काँग्रेसची चाल उघड होती. ज्यांना संघाचे कर्णधारपद कधी दिले नाही, त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध पुढे करायचे आणि महार-चांभार अशी आमच्यात फूट पाडायची. बाळू त्या चालीत सापडले. त्यांची भूमिका चुकली, असे आमचे स्पष्ट मत आहे. इतिहासानेही तोच निकाल दिला. पण चूक झाली म्हणून माणूसच पुसून टाकायचा का? आमच्या चळवळीतले कितीतरी लोक त्या 1937 मुळे बाळूंचे नाव घेत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी ते उभे राहिले त्यांनी तर त्यांना केव्हाच विसरून टाकले. दोन्हीकडून त्यांना वगळले गेले. निवड समितीने केले तेच आपणही करावे का? ज्याने आयुष्यभर हिंदू संघ जिंकून दिला, ज्याला शेवटी का होईना पंगतीत जागा मिळाली, त्याला वाटले असेल की चांगला खेळ दाखवला की हे लोक बदलतात. त्यांच्या डोळ्यांसमोर थोडे बदललेही होते. बाबासाहेबांनी मात्र ओळखले होते की एका बाळूला पंगतीत घेतल्याने कोट्यवधींची अस्पृश्यता जात नाही. एकट्याच्या गुणाने एकट्याची सुटका होते. समाजाच्या सुटकेला हक्क लागतात. बाळूंच्या गौरवातून आणि बाळूंच्या चुकीतून, दोन्हींतून हाच धडा मिळतो.

2001 साली लगान चित्रपट आला. त्यातला कचरा नावाचा अस्पृश्य फिरकी गोलंदाज बघून पुष्कळांना बाळूंची आठवण झाली. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण घरी येताना मनात सल राहिला. चित्रपटातल्या कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. म्हणजे त्याचे कसब हा निसर्गाचा अपघात. आणि त्याला संघात आणतो तो सवर्ण नायक. म्हणजे त्याची संधी ही दुसऱ्याची दया. खरे बाळू अधू नव्हते. त्यांचा चेंडू वळत होता तो हजारो तासांच्या सरावाने. आणि त्यांना संघात घेतले ते दयेने नव्हे, गरजेपोटी. आमच्या माणसाचे कर्तृत्व अपघात म्हणून दाखवायचे आणि आमचा हक्क उपकार म्हणून दाखवायचा, ही जुनी खोड आहे. 2002 साली रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि बाळूंची कथा साधार मांडली, तेव्हा शिकलेल्या वर्गाला हे नाव कळले. प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. रोज हजारो लोक त्यावरून जातात. हा पी. बाळू कोण, हे किती जणांना ठाऊक असेल?

आम्हाला राखीव जागांवरून नेहमी गुणवत्तेचे डोस पाजले जातात. त्यांना आमचे एकच उत्तर आहे, बाळू पालवणकर वाचा. 179 बळी घेणाऱ्याकडे गुणवत्ता नव्हती काय? मग कर्णधारपद का दिले नाही? गुणवत्ता असूनही डावलले जाते, म्हणूनच कायद्याचे संरक्षण लागते.

आता पुन्हा खारघरला येऊ. इथे गोल्फचे मैदान आहे, प्रचंड सेंट्रल पार्क आहे. खारघरहून तीन स्थानके पलीकडे नेरुळच्या मैदानावर 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री खारघरच्या चौकाचौकांत फटाके वाजले. आम्हालाही आनंद झाला. पण ओवे कॅम्पातल्या मुलीला खेळायला मैदान कुठे आहे? तिला बूट कोण देणार? सिडकोने या गावांच्या जमिनी घेतल्या, त्यांवर शहर उभे राहिले, 2016 पासून पनवेल महापालिकाही आली. मैदानासाठी राखलेल्या प्रत्येक भूखंडावर गरिबाच्या मुलाचा हक्क आहे, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे. ती मागणी निवेदनातून, मोर्चातून, नगरसेवकाच्या दारात उभे राहून केली पाहिजे.

आणि काही कामे आपल्या हातातली आहेत. दर 14 एप्रिलला आपण डीजेवर किती पैसा उधळतो? त्यातला दहावा हिस्सा काढला तरी एका विहाराला क्रिकेटचे एक पूर्ण साहित्य घेता येईल. विहाराच्या कपाटात ग्रंथांशेजारी बॅट आणि चेंडू ठेवा. ज्याला हवे त्याने सही करून न्यावे आणि संध्याकाळी परत आणावे. आपल्यातले जे तरुण कॉलेजात खेळले आहेत त्यांनी रविवारचे दोन तास या पोरांना द्यावेत. 4 जुलैला बाळू पालवणकरांच्या तसबिरीला हार घालून त्यांची कथा मुलांना सांगावी. तीही पूर्ण सांगावी, गौरवासकट आणि चुकीसकट.

जाळीबाहेरचा तो मुलगा आम्हाला त्यानंतर दोन-तीनदा दिसला. एकदा उजेड उरला होता. त्याला चेंडू मिळाला. पहिला चेंडू टाकण्याआधी त्याने तो पँटीला पुसला, बोटांत नीट धरला, एकदा आकाशाकडे पाहिले आणि धावत आला. तो बाळू होईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण त्याला उरलेल्या उजेडाची वाट बघायला लावणे हा आपल्या सगळ्यांचा अपराध आहे. त्याला भर दुपारचा उजेड मिळाला पाहिजे, आणि हातात चेंडूच नव्हे तर बॅटही मिळाली पाहिजे.

बाळू पालवणकरांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन. जय भीम!